रात्री अडीचला जाग येते, मग झोपच नाही

भुसावळहून विचारतेय. महिना झाला, रोज अडीचला डोळे उघडतात, मग कुलरची घरघर ऐकत, मोबाईलमध्ये किती वाजले बघत पहाट होते अन् दिवसभर डोकं जड. काय करू?

— ताई, आधी वेळ बघणं सोडा. वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की आडवं व्हा. सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवा.

— संध्याकाळचा चहा बंद करा, त्यातलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात.

— आमच्या यांना केळीला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटला उठायची सवय, आम्हाला वाटलं त्यामुळेच जाग येते, पण घोरता घोरता श्वास अडकायचा, जळगावला दाखवलं तर स्लीप अ‍ॅप्निया निघाला. घोरत असाल तर अंगावर काढू नका ताई.