प्रतिसाद: ठाणे 022 मध्ये, मग डोंबिवली का नाही?

वर विचारलंय की लँडलाइन फोनच्या एसटीडी कोडात (दुसऱ्या गावी फोन लावताना नंबरआधी फिरवायचा कोड) ठाणं मुंबईच्या 022 मध्ये येतं, मग डोंबिवलीला वेगळा कोड का. कोडची हद्द जिल्ह्याची नसते, टेलिफोन खात्याच्या विभागाची असते. ठाणे शहर आणि नवी मुंबई मुंबईबरोबर 022 मध्ये, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर 0251, वसई-विरार 0250. म्हणजे एकाच जुन्या ठाणे जिल्ह्यात इतके कोड!

खरी गंमत सिंधुदुर्गात आहे. कुडाळ 02362, सावंतवाडी 02363, देवगड 02364, मालवण 02365, वेंगुर्ला 02366, कणकवली 02367. जवळपास तालुक्याला एक. आमच्याकडे निमंत्रणपत्रिकेवर नुसता कोड बघून आजी सांगायची, "हे मालवणकडचे."

आकड्यांचा हिशोब मात्र सरळ आहे. सुरुवातीचं शून्य सोडलं तर कोड आणि नंबर मिळून दहा आकडे. मुंबईचा कोड दोन आकडी, म्हणून नंबर आठ आकडी. कल्याणचा तीन, म्हणून सात. कुडाळचा चार, म्हणून सहा. मोठ्या शहरात फोन जास्त, त्यामुळे कोड आखूड ठेवून नंबरला जागा दिली. बाकी ते डायरीच्या पहिल्या पानावरचे कोड मला अजून पाठ आहेत, मुलांचे मोबाइल नंबर नाहीत.