‘गृहकृत्यदक्ष’ की ‘सुगरीन’? आमच्या आईला नेमकं काय म्हणायचं होतं?

कापूसवाट (दर्यापूर तालुका)

भाचीच्या लग्नाचा बायोडाटा लिहिणं चालू आहे. उंची, शिक्षण, मामेकूळ सगळं टाइप झालं आणि ‘इतर’ या रकान्यापाशी गाडी अडली. नमुन्यात तिथं ‘गृहकृत्यदक्ष’ असं आधीच छापलेलं होतं. भाची म्हणाली, “मामा, हे काढा. मला पुरणपोळी लाटता येत नाही, खोटं कशाला लिहायचं?”

माझी आई, म्हणजे तिची आजी, ओसरीवर तुरी निवडत बसली होती. ती म्हणाली, “काढ थो शब्द. सुगरीन लिव्ह.”

पोरगी हसली. “आजी, ते तर अजूनच खोटं. सुगरण म्हणजे चांगला स्वयंपाक करणारी.”

आईनं सूप खाली ठेवलं. “सैपाकाचं कोनं म्हटलं व माय? सैपाक त आचारीबी करते.”

त्यापुढं तिला नीट सांगता येईना आणि मला विचारता येईना. तुमच्या घरच्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द कशासाठी यायचा, कुणाला आठवतं का?

पाटीपेन्सिल

तुमच्या आईंचंच बरोबर आहे. सुगरण हा शब्द संस्कृत ‘सुगृहिणी’वरून आला. प्राकृतात गृहिणीची ‘घरिणी’ झाली. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत ही घरिणी भेटते: चुलीपाशी काम करताना काजळीचा हात तोंडाला लागतो आणि नवरा हसतो, की आता तुझं तोंड अगदी चंद्रासारखं झालं. ‘सुगरण’मधलं ‘गर’ म्हणजे घर. शब्दाच्या मुळात जेवण कुठंच नाही. ‘गृहकृत्यदक्ष’चा अर्थही जवळपास तोच, पण तो स्थळाच्या जाहिरातीतच राहिला. अंगणात उभं राहून तो शब्द कोणी कुणाला म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मातीचीचूल (दारव्हा तालुका)

मी साठी ओलांडलेली बाई आहे. आमच्या सासूबाईंना सारं गाव सुगरीन म्हणायचं, आणि त्यांच्या हातचं वरण कित्येकदा अळणी असायचं. म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तूर घरात आली की आधी बियाणं वेगळं निघे. चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात भरायचं आणि मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपायचं. घरात कितीही अडचण आली तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. मग खायची तूर. तिला तेलपाण्याचा हात लावून रात्रभर दडपून ठेवत, अंगणात दोन-तीन उन्हं देत आणि जात्यावर भरडत. जातं घट्ट बसलं तर डाळीचा चुरा होतो, सैल राहिलं तर तूर अख्खीच निसटते. सासूबाई मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून वरचा दगड केसभर उचलायच्या, दोन फेरे फिरवायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, “आता भरड.” मी चार वर्षं शेजारी बसले तेव्हा कुठं मला तो आवाज कळू लागला. पाखडल्यावर डाळ कोठीत, चुनी बैलांना, फोलपट गाईला. सुपातलं काहीच वाया जात नसे.

एका वर्षी पोळ्याच्या आधीच निम्म्या गावाच्या कोठ्या खरवडून झाल्या होत्या. आमच्या कोठीतून एरंडेल चोळलेला, निंबाचा पाला घातलेला गहू निघाला. पोळ्याला पुरण शिजलं. त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी सूपभर गहू गेला, पदराखाली झाकून. झाकून का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “देनं दिसू देऊ नाई.”

माझ्या मते सुगरीन ती. जिला घरातलं किती आणि कुठवर पुरेल हे ठाऊक आहे, आणि त्यातलं दुसऱ्याला किती देता येईल हेही ठाऊक आहे.

मला पाहायला आले होते तेव्हा पोळ्या लाटून दाखवायला लावल्या होत्या. पोळी फुगते की नाही, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. एवढा मोठा शब्द तव्याएवढा करून टाकला.

आणखी एक. आमच्याकडं नव्या नवरीला सुगरीन म्हणत नसत. चार पावसाळे निघाल्यावर म्हणत. तुमच्या आईनं लग्नाआधीच म्हटलं, म्हणजे त्यांनी त्या पोरीचं काहीतरी पाहिलेलं आहे. शब्दाचा अर्थ राहू द्या, ते विचारा.

शिंदीखालचीविहीर

सुगरण पाखराचंही सांगतो. आमच्या विहिरीवरच्या बाभळीला दर पावसाळ्यात पंधरा-वीस खोपे लटकतात. ते विणतो नर, पिवळ्या डोक्याचा. गवताच्या पात्याच्या बारीक चिरफळ्या काढून काढून आणतो, खोप्यात ओल्या मातीचे गोळेही चिकटवतो. खोपा अर्धा झाला की मादी येऊन पाहते आणि पसंत पडला तरच तो पुरा होतो. मला दोन मुलगे आहेत. त्यांच्या बायोडाट्यातही हा रकाना असावा, असं मला मनापासून वाटतं.

कापूसवाट (दर्यापूर तालुका)

चूलवाल्या ताई, तुम्ही म्हणालात तसं आज आईला विचारलं. “तू तिचं काय पाहिलं?” तिनं लगेच सांगितलं.

२०१७. गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते वर्ष. बहिणीच्या घरी कापूस हाती आलाच नाही आणि बहीण त्यातच आजारी पडली. भाची तेव्हा अकरावीत होती. त्या वर्षी घर तिनं चालवलं, हे आम्हाला ठाऊक होतं. कसं, ते कोणीच विचारलं नव्हतं. आई महिनाभर तिकडं राहायला गेली होती, तिनं पाहिलं. “पोरगी रोज राती वहीत लिवे. धाकट्याच्या फीचे पैसे तिनं आधी बाजूले काढले, मंग किराना भरला.”

भाचीला विचारलं तर तिनं पेटीतून ती वही काढून दिली. शाळेची, दोनशे पानी, मागच्या बाजूनं सुरू केलेली. तिसऱ्या पानावर लिहिलं आहे: ‘तेल १ डबा, १५ किलो. होळीपर्यंत.’ त्याखाली दर आठवड्याला डब्यात काडी बुडवून मोजलेली बोटं. दहा, नऊ, साडेआठ. होळीच्या तारखेपुढं एक बोट शिल्लक.

बायोडाट्यात ‘सुगरण’ लिहिलं आहे. आई मात्र म्हणते, नीट लिव्ह, सुगरीन.