भाजीच्या पिशव्या आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा

‘कापडी पिशवी नेली तरी भाजीवाला प्रत्येक भाजी वेगळ्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच देतो’ अशी तक्रार बरेच जण करतात, ती अगदी खरीय. मी ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेते. जुन्या सुती साडीच्या आठ छोट्या पिशव्या शिवल्यात, नाडी लावून. भाजी तागडीत पडायच्या आधीच पिशवी पुढे करायची. एकदा त्याने गाठ मारली की संपलं. मासळीला झाकणाचा स्टीलचा डबा. कोळीणमावशी आता स्वतःच म्हणतात, “डबा दे गं.”

आणखी एक, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू दे. तो नखाएवढा तुकडा कचऱ्यातून कोण वेचणार? धुऊन वाळवलेली अख्खी पिशवी मात्र आमचा भंगारवाला घेतो.

राज्यात २०१८पासून अशा पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. तरी ओहोटीला ठाणे खाडीकाठी बघा, तिवरांच्या मुळांना पिशव्या गुंडाळलेल्या असतात. २०२२मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळालेली हीच आपली खाडी, हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात ती. पोटात तुटतं हो.

पिशव्यांचं माप हवं असेल तर सांगा, देते.