मुलांचे वाढते वजन: तुमच्या घरी काय बदलले, ते लिहा

खानापूरकर:
परवा भावकीतल्या एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वाढप्याने आग्रह करून आणखी एक लाडू वाढला आणि त्याच दमात पलीकडून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "बघा, पैलवान तयार होतोय." मुलाने मान खाली घातली आणि लाडवाला हात लावला नाही. मला माझा चुलतभाऊ आठवला. लहानपणी त्याच्याही ताटात असेच आधी वाढले जायचे आणि मग हसले जायचे. पुढे तो मैदानावर येईनासा झाला, लग्नकार्ये टाळू लागला आणि तिशीच्या आतच त्याला मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलाचे वजन ही एकट्या मुलाची बाब मानली की टोमणे त्याच्या वाट्याला येतात आणि ताटात काय पडते हे ठरवणारे आपण मोठे मात्र नामानिराळे राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांनी मिळून काही बदलले असेल, तर ते येथे लिहावे, ही विनंती.

टिळकवाडीची आई:
आमच्याकडे सुरुवात मानेपासून झाली. मुलीच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा दिसू लागला. सासूबाई दर रविवारी बेसन आणि दही लावून तो घासत असत. कातडी लाल होई, पण काळेपणा तसाच राही. बालरोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितले की हा मळ नव्हे, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ही खूण असू शकते. त्यांनी उंची आणि वजन घेऊन बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढला आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये तयार केलेल्या तक्त्यावर तो मांडून दाखवला. मोठ्यांसाठीचा एकच ठरीव आकडा मुलांना लावायचा नसतो, तर वय आणि मुलगा-मुलगी पाहून तो वाचायचा असतो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

त्यांची दुसरी गोष्ट मी इथे मुद्दाम लिहिते. वाढत्या वयाच्या बहुतेक मुलांचे वजन घाईने उतरवायचे नसते, ते आहे तिथे रोखून उंचीला वाढू द्यायचे असते. समजा, मूल 140 सेंटिमीटर उंच आहे आणि वजन 48 किलो आहे, तर बीएमआय साडेचोवीसच्या आसपास येतो. वजन तेवढेच राहून उंची 150 झाली, की तोच आकडा 21.3 वर येतो. हे ऐकल्यावर घरातला ताण एकदम उतरला. "तू जेवू नकोस" असे मुलीला कोणी म्हणायचे नाही, एवढे पहिल्याच संध्याकाळी ठरले.

निपाणीकर:
ताई, हिशेब छान समजावलात. आमची अडचण वेगळी आहे. आमचे आप्पा संध्याकाळी फिरून येताना नातवासाठी रोज क्रीमची बिस्किटे आणि आंब्याच्या सरबताची बाटली घेऊन येतात. त्यांना कोणत्या तोंडाने नको म्हणायचे?

शहापूरवाला:
या धाग्यावर बहुधा मी एकटाच असा असेन, जो स्वतः ते मूल होतो. आता माझे वय पंचविशीच्या पुढे आहे. शाळेत मला हाक मारण्यासाठी जी नावे होती ती मी इथे लिहीत नाही, पण घरी आल्यावर तीच नावे लाडाने ऐकावी लागत, हे सांगणे मला आवश्यक वाटते. त्या नावांनी माझे वजन कमी झाले नाही. मी लपून खाऊ लागलो, कपाटामागे वेफर्सची रिकामी पाकिटे ठेवू लागलो.

फरक पडला तो वडिलांमुळे. त्यांनी मला काहीही समजावले नाही. एका संध्याकाळी दुकानातून लवकर आले, चप्पल न काढताच म्हणाले, "चल, किल्ला तलावापर्यंत जाऊन येऊ." आम्ही गप्पा मारत गेलो आणि तसेच परत आलो. मग तो परिपाठच झाला. आई बरोबर असली की वाटेत भाजी घेतली जाई. वजनाचा विषय त्या वाटेवर कधीच निघाला नाही, म्हणूनच मी जात राहिलो.

घटप्रभेकाठची आजी:
निपाणीकर, तुमच्या आप्पांच्या वयाची मी आहे, म्हणून हक्काने लिहिते. आमच्या पिढीने टंचाई पाहिली आहे. मूल अंगाने भरलेले दिसले की घर सुखात आहे, असे आम्हाला वाटते आणि ते प्रेम खोटे नाही. तेव्हा त्यांना "आणू नका" असे म्हणू नका, काय आणायचे ते सांगा. भाजके शेंगदाणे, फुटाणे, पेरू, हंगामात हुरडा, असे पुष्कळ काही आपल्या बाजारात मिळते.

आमच्या घरी सकाळच्या इडल्या आणि पावाच्या जोडीला नाचणीचे आंबील परत आले, रात्री भाताचा ढीग कमी होऊन जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी आली. हे सगळ्यांच्या ताटात आले, एकट्या नातीच्या नव्हे. कुंदा मात्र आम्ही बंद केलेला नाही. दूध आटवून त्यात साखर घालून केलेला तो पदार्थ आहे, त्यामुळे तो लहान वाटीत, जेवणानंतर, सर्वांनी बसून खायचा. दिवाळीला आणि पाहुणे आले की तो होतो. एरवी डबा घरात नसतो. घरात नसलेल्या वस्तूवरून भांडण होत नाही, हा माझा अनुभव आहे.

खानापूरची बाई (प्राथमिक शाळा):
शाळेच्या बाजूने थोडे लिहिते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात किंवा फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम पालकांना ठाऊकच नसतो. आमच्या फाटकाशी रंगीत बर्फाचे गोळे आणि तळलेल्या नळ्या विकणाऱ्या काकांशी आम्ही शिक्षक आणि काही पालक मिळून बोललो. त्यांचे पोट त्यावर होते, हे विसरून चालणार नव्हते. आता ते उकडलेल्या शेंगा आणि काकडीच्या फोडी ठेवतात.

खेळाच्या तासाचे दुःख मात्र कायम आहे. परीक्षा जवळ आल्या की पहिला बळी त्याचाच जातो. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल आवश्यक मानते. मूल बसने येते, बसने जाते आणि घरी आल्यावर शिकवणीला बसते, तर ती 60 मिनिटे आणायची कोठून? पालकांनी सभेत गणिताच्या गुणांइतक्याच ठामपणे खेळाच्या तासाबद्दल विचारावे, असे मला मनापासून वाटते.

अनगोळकर:
बाई, जूनपासून आपल्याकडचा पाऊस धरला की मैदानच राहत नाही. तेव्हा काय करायचे?

खानापूरची बाई:
आमच्या गल्लीतली मुले पडवीत दोरीच्या उड्या मारतात आणि फुगडी घालतात. मोठ्या मुलांना मी घरकामात घ्यायला सांगते. पाणी भरणे, केर काढणे, जिने चढउतार हीही हालचालच आहे. मोबाइल हातात असताना मात्र यातले काहीच घडत नाही.

आरोग्यसेविका, चिकोडी तालुका:
मोबाइलचा विषय निघाला म्हणून झोपेचे लिहिते, कारण ते कोणीच विचारत नाही. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. झोप अपुरी राहिली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडाकडे ओढ जाते. रात्री साडेअकरापर्यंत मालिका चालणाऱ्या घरात मुलाला नऊला झोपवता येत नाही. म्हणून टीव्ही सर्वांनीच बंद करावा लागतो. जेवतानाही तो बंद असावा, नाहीतर पोट भरल्याचे मुलाच्या ध्यानात येत नाही.

निपाणीकरांच्या बाटलीबद्दल सांगायचे, तर गोड शीतपेयात 100 मिलिलिटरला साधारण 10 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत पाच चहाचे चमचे. तहानेला पाणी आणि ताक ही सवय लागली, तरी मोठे काम होते.

आमच्या भागात अजूनही कृश मुले आहेत आणि त्याच गल्लीत जास्त वजनाचीही आहेत, कधी तर एकाच घरात. दोघांनाही डाळ, भाजी, अंडे, दूध हेच लागते, म्हणून वेगवेगळे स्वयंपाक मांडू नका.

निपाणीकर:
आरोग्यसेविका ताई, आजींनी सांगितल्याप्रमाणे आप्पांशी बोललो. ते क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले की फुटाणे नातवाला आवडतील का ते बघू. आज दोघे मिळून बाजारात गेले आहेत. एक विचारायचे राहिले: रक्ततपासणी केव्हा करावी?

आरोग्यसेविका, चिकोडी तालुका:
मानेवर किंवा काखेत काळेपणा असेल, मूल झोपेत मोठ्याने घोरत असेल, गुडघे किंवा मांडीचा सांधा दुखत असेल, घरात मधुमेह असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. साखर, चरबी आणि यकृताच्या कोणत्या तपासण्या हव्यात ते डॉक्टर ठरवतील. वजन वाढते आहे पण उंची खुंटली आहे असे दिसले, तर ते आवर्जून सांगावे, कारण तेव्हा थायरॉइडसारखी कारणे शोधावी लागतात. जाहिरातीतील वजन उतरवण्याची पावडर किंवा काढा मुलाला अजिबात देऊ नये. जाताना आप्पांनाही बरोबर घेऊन जा, डॉक्टरांचे म्हणणे त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेले बरे.