ब्रेक ‘ब्लीड’ करणे : मराठीत काय म्हणावं?

जुनीगाडी
मी इंग्लंडात राहतो. माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी गाडी आहे, दोन माणसांची, छत उघडणारी. गेल्या आठवड्यात क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलमार्फत जिथे पोचतो ते खालचं नळकांडं) बदलला. नवा जोडला, ऑइल भरलं, आता ब्लीड करायचं, म्हणजे पेडल मारून मारून नळीत शिरलेले बुडबुडे बाहेर घालवायचं, राहिलं होतं. त्याला दोन माणसं लागतात आणि घरात होती फक्त आई, चार महिन्यांसाठी आलेली. तिला सीटवर बसवलं, मी गाडीखाली शिरलो आणि म्हटलं, “आई, आता क्लच ब्लीड करायचाय.” वरून प्रश्न आला, “रक्त कुठून येणारे त्यातून?”

तर, याला शब्द काय? ‘रक्तस्राव’ अर्थातच नको, आणि ‘निःस्रावण’ वगैरे कुणी घडवून देऊ नका. ज्यांचे हात काळे होतात ते काय म्हणतात, ते हवंय.

इंचीपाना
हवा काढणे. यात चर्चेला काय आहे?

बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. बिलावर ‘ब्लीडिंग’ लिहितो, पण पोराला हाक मारताना “मागच्या डाव्याची हवा काढ” असंच तोंडात येतं. पेडलवर बसलेल्याला म्हणायचं, “मार, मार, मार… धर!” त्यानं पाय दाबून धरला की खालचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा पोकळ स्क्रू, अर्धा आटा ढिला करतो. नळीतून बुडबुडे येतात, पेडल खाली बसतं. निपल टाइट केला की मगच “सोड!” हा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडा असताना पाय उचलला, तर काढलेली हवा परत आत. ‘धर’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द ज्याला कळले त्याला ब्लीडिंग कळलं.

जुनीगाडी
धन्यवाद दादा. हाच शब्द माझ्याही मनात होता, पण एक अडचण आहे. ‘गाडीची हवा काढली’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बसलेला टायर येतो. नो पार्किंगमध्ये लावलेली गाडी, वाह्यात पोरं. आणि ‘त्याची चारचौघांत हवा काढली’ हे वेगळंच.

इंचीपाना
मग ‘-ची’ म्हणू नका, ‘-मधली’ म्हणा. टायरची हवा काढली की टायर गेला. ब्रेकमधली हवा काढली की ब्रेक आला. मी वर “डाव्याची हवा काढ” लिहिलंय ते चालतं, कारण गॅरेजात टायरची हवा काढायला कुणी सांगत नाही.

रात्रपाळी
परिचारिका आहे, गाडीतलं मला काही कळत नाही. पण हे काम आम्हीही दिवसातून वीसदा करतो! सलाईन जोडण्याआधी नळीतून थोडं पाणी वाहू देऊन आतली हवा काढतो. त्याला वॉर्डात कुणीही ब्लीडिंग म्हणणार नाही, कारण तो शब्द उच्चारला की डॉक्टर धावत येतील. आम्ही ‘नळीतली हवा काढली का?’ असंच विचारतो. तेव्हा ‘-मधली’ला माझंही मत.

विहिरीवरचा
हवा काढायच्या आधी ती धरावी लागती की. ‘इंजिनानं हवा धरली’ हे आमच्याकडं लहान पोरालाबी ठाऊक. डिझेलची टाकी पार कोरडी होऊ दिली की पायपात हवा शिरती, मग नुसतं डिझेल ओतून इंजिन चालू होत नाय. पंपाजवळचा बोल्ट ढिला करायचा, हातानं डिझेल ओढायचं, फेस येतो तो येऊ द्यायचा, सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. त्या बोल्टापाशी अंधारात बॅटरी धरून उभं राहणं हे माझं बालपण.

तर जोडी लक्षात ठेवा : धरली ती काढली.

जुनीगाडी
‘हवा धरली’! हा शब्द वडिलांच्या तोंडी ऐकलेला, पण गाडीला लावायचं सुचलं नव्हतं. माझ्या क्लचचं अगदी तेच झालं होतं. टाकीतलं ऑइल किती उरलंय ते न पाहता आईला “मार, मार” करत राहिलो, टाकी रिकामी झाली आणि क्लचनं पुन्हा हवा धरली. चूक संपूर्ण माझी. द्रव दाबला तर दबत नाही, हवा दबते. त्यामुळे पाय पार जमिनीला टेकला तरी पुढे जोर पोचेना, क्लच पुरता सुटेना आणि रिव्हर्स टाकताना दात करकरायला लागले.

शाईफुटी
मूळ इंग्रजी शब्दाकडे पाहू. जुन्या वैद्यकीत शीर उघडून रक्त काढत. आपल्याकडे त्याला रक्तमोक्षण. तिथून ‘आतला द्रव थोडा वाहू देणे’ असा अर्थ यंत्रांना लागला. म्हणजे इंग्रजीनं जे वाहतं त्याचं नाव दिलं, मराठी मेकॅनिकनं जे नकोय त्याचं. मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो.

आपल्याकडे जुना शब्द हवाच असेल तर ‘तुंबडी लावणे’ आहे. फासण्या मारून वर तुंबडी ठेवायची आणि रक्त ओढून घ्यायचं. हल्ली निपलला नळी जोडून हातपंपानं ऑइल ओढतात, एकट्या माणसाला जमतं, ती शुद्ध तुंबडीच. पण ‘ब्रेकला तुंबडी लावली’ म्हटलं तर गिऱ्हाईक समजेल, गॅरेजवाला स्वतःची तुंबडी भरतोय.

(जाता जाता : छपाईत कागदाच्या कडेबाहेर रंग नेतात त्यालाही ब्लीड म्हणतात, आणि हलक्या कागदावर शाई पसरते त्यालाही. पहिल्याला आमच्या प्रेसमध्ये ‘ब्लीड सोडणे’, दुसऱ्याला ‘शाई फुटणे’. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द शोधत बसू नये.)

लॅबमधला
एक हरकत. आत हवा नसतानाही ब्लीड करतात, तेव्हा काय म्हणणार? ब्रेकचा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट ४ प्रतीचा कोरडा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की ही मर्यादा १५५ वर येते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरलात तर आत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी तोच निपल उघडून जुना द्रव सोडून द्यायचा. तिथे हवा कुठे आहे?

शिवाय ‘ब्रेक ऑइल’ हे नावही घातक आहे. ते तेल नव्हेच. नावावर जाऊन कुणी खरंच इंजिन ऑइल ओतलं तर आतली रबरं फुगून बसतात.

इंचीपाना
तेव्हा ‘ऑइल बदललं’ म्हणतो. निपल तोच, काम दुसरं, शब्द दुसरा. आणि ऑइल नको म्हणता, पण दुकानात जाऊन ‘ब्रेकचा द्रव द्या’ म्हणून बघा एकदा.

तुमच्या क्लचचं काय झालं ते सांगा.

जुनीगाडी
सुटला. या गाडीत क्लचची नळी पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून आधी वर चढून मग खाली उतरते, आणि हवा त्या कमानीत अडकून राहते. वरून कितीही मारा, ती खाली यायला तयार नाही. मग इथल्या जुन्या एमजीवाल्यांची युक्ती केली. पुढच्या उजव्या ब्रेकच्या निपलपासून क्लचच्या निपलपर्यंत ऑइलनं भरलेली नळी जोडली, दोन्ही निपल उघडले आणि आईला क्लच सोडून ब्रेक मारायला सांगितला. दर वेळी पाय उचलण्याआधी ब्रेकचा निपल बंद. ऑइल खालून वर गेलं आणि हवा टाकीत बुडबुड करत बाहेर पडली. मी खाली असल्यामुळे ते आईनंच वाकून पाहिलं.

याला मी ‘उलटी हवा काढणे’ म्हणतोय. आई म्हणते, “ढेकर दिला म्हण की.”

विहिरीवरचा
आईंचा शब्द घ्या.