काम बंद पाडावंच लागतं असं नाही

"बांधकामाच्या खोदाईत जीवाश्म निघाला की काम लटकतं, म्हणून ठेकेदार गुपचूप जेसीबी फिरवतो" असं म्हटलं जातं, पण मला ते अर्धंच पटतं. लॉस एंजेलिसमध्ये २००६ साली कला संग्रहालयाच्या भूमिगत पार्किंगसाठी खोदताना हिमयुगातल्या प्राण्यांच्या हाडांचे १६ साठे लागले. जागेवरच हाडं सोडवत बसले असते तर पार्किंग कधी झालं असतं देव जाणे. त्यांनी मातीसकट साठ्यांभोवती लाकडी खोके बांधले, एकूण २३, आणि क्रेनने उचलून शेजारच्या ला ब्रेआ टार पिट्सच्या (जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेल्या नैसर्गिक डांबराच्या डबक्यांच्या) आवारात नेले. पार्किंग झालं, खोक्यांतलं काम पुढे कित्येक वर्षं सावकाश चाललं. त्याच खोदकामात एका मॅमथचा (हत्तीच्या नामशेष भाऊबंदाचा) जवळजवळ अख्खा सांगाडाही मिळाला. कॅलिफोर्नियात प्रकल्पाच्या पर्यावरण तपासणीतच जीवाश्मांचा प्रश्न विचारला जातो, हे विसरू नका.

आपल्याकडे २०२२ साली भूवारसा स्थळांच्या, म्हणजे जीवाश्म, खडक असा ठेवा असलेल्या जागांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा निघाला खरा, पण खड्ड्याशी जाणकार माणूस कोण उभा करणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा शेतात मिळते. त्या काळीही गवत होतं, याचा पुरावा २००५ साली तिच्यातूनच मिळाला. जेसीबीवाल्याला ते नुसते दगडच दिसणार, त्यात त्याचा काय दोष?