अप्पर लावूनही पुढे अंधारच? हेडलाइट सुधारल्याचे अनुभव लिहा

सांजवात

मागच्या महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला मी आणि आई गाडीने परत येत होतो. रस्ता मोकळा, रस्त्यावर एकही दिवा नाही. अप्पर (लांबचा झोत) लावलेला, वेग साठ-पासष्ट. अचानक समोर बंद पडलेला ट्रक उभा ठाकला. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. ब्रेक लागले, गाडी थांबली, पण त्याच्या फळीत आणि आमच्यात दोन हातांचं अंतर उरलं होतं. आई काहीच बोलली नाही. डॅशबोर्डवर टेकवलेला हात मात्र तिने बराच वेळ काढला नाही.

घरी आल्यावर गाडी भिंतीसमोर लावून अप्पर आणि डिप्पर (जवळचा, खाली झुकलेला झोत) करून पाहिलं. दोन्हींत फरक जेमतेम, उजेड पिवळट आणि मलूल. गाडी नऊ वर्षांची आहे. बल्ब एच४, म्हणजे एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट, अप्परला ६० वॅट आणि डिप्परला ५५. दोन्ही बल्ब नवे घातले, तरी फारसं काही बदललं नाही. आता कुणी म्हणतं १०० वॅटचे टाक, कुणी म्हणतं सरळ एलईडी. ज्यांनी स्वतः हे सगळं केलंय त्यांनी लिहा. काय केलं, किती फरक पडला आणि काय फसलं, तेसुद्धा.

वायरगुंता

आता आणखी बल्ब आणू नका, आधी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर आणा. माझं सगळं दुखणं वायरिंगमध्ये निघालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट दाखवत होतं. अप्पर लावून बल्बच्या प्लगपाशी मोजलं तर ११.९. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेतच गडप. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने घसरतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं की तीसेक टक्के उजेड गेलाच. बल्बचा उजेड १३.२ व्होल्टला मोजलेला असतो, त्यामुळे माझा नवाकोरा बल्ब जेमतेम सत्तर टक्के काम करत होता.

मोजताना प्लग बल्बला लावलेलाच ठेवायचा आणि दिवा चालू हवा. प्लग काढून मोजलं तर करंटच वाहत नाही, मग पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मीच पहिले दोन दिवस असं मोजत बसलो होतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी प्लगच्या मागच्या बाजूने अप्परच्या पिनेत घातली, तर १.५ व्होल्ट. मग बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) पिन यांच्यामध्ये मोजलं, ०.७ व्होल्ट. चोर दोन ठिकाणी होते.

अर्थची वायर हेडलाइटच्या मागे बॉडीला बोल्टने कसलेली होती. बोल्ट खोलला तर लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवी भुकटी जमलेली आणि खालच्या पत्र्यावर गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग लावली, घट्ट कसलं आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. ०.७ चे ०.१ झाले. एवढं काम अर्ध्या तासाचं.

उरलेले १.५ व्होल्ट बारीक वायर आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये जात होते. दोन बल्ब मिळून दहा अँपियरच्या आसपास करंट ओढतात आणि माझ्या गाडीत तो सगळा त्या इवल्या स्विचमधून फिरून येत होता. म्हणून रिले टाकला, म्हणजे थोड्या करंटने ओढला जाऊन मोठा करंट बॅटरीवरून थेट बल्बला सोडणारा स्विच. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, फ्यूजमधून अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून बल्बला. जुनी अप्परची वायर फक्त रिले ओढायला ८६ ला आणि ८५ अर्थला. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर सोलली गेली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. आता बल्बवर १३.६ मिळतात. हिशोबाने उजेड दीडपटीहून जास्त झाला आणि बल्ब तेच, ६०/५५. व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य थोडं घटतं, ते मी मान्य केलंय.

एक मात्र सांगतो. नव्या गाड्यांमध्ये दिवे कंप्युटर सांभाळतो, बल्ब उडाला की इशाराही देतो. तिथे अशी परस्पर वायर जोडू नका, जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

घाटउतार

१०० वॅटवाल्यांमध्ये मी होतो. पहिले काही आठवडे छान गेले. मग एका रात्री गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास आला. बॉनेट उघडलं तर बल्बचा होल्डर चॉकलेटी पडून एका बाजूला ओघळला होता आणि प्लग निघता निघेना. दोन बल्बचा मिळून सोळा-सतरा अँपियर करंट, आणि मूळ वायर दहाच्या हिशोबाची. उष्णतेने रिफ्लेक्टरची चकाकीसुद्धा बल्बच्या वरच्या अंगाला करपली. ती परत येत नाही, आतून पुसायला जाल तर आहे तो मुलामाही निघतो. शेवटी दोन्ही हेडलाइट अख्खे बदलावे लागले. शिवाय रस्त्यावर चालवायला असे बल्ब बहुतेक ठिकाणी बेकायदाच असतात.

रातराणी

एलईडीबद्दल. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवले होते. भिंतीवर इतका लख्ख पांढरा उजेड पडला की मी खूश. पण मोकळ्या रस्त्यावर गेल्यावर कळलं की गाडीपुढचे वीस-तीस मीटर दिवसासारखे आणि त्यापलीकडे काळोख. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो. एलईडीच्या चिप त्याच जागी, त्याच आकारात नसतील तर झोत लांब जात नाही, आसपास फाकतो. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांची बाहुलीही आक्रसते, त्यामुळे लांबचं आणखीच दिसत नाही. मी डिप्परवर असतानाही समोरून येणारे मला अप्पर मारून दाखवत होते. दुसऱ्याचे डोळे दिपवून आपण सुरक्षित होत नाही, हे त्या आठवड्यात मनापासून पटलं. काढून टाकले. मूळ एलईडीसाठीच घडवलेल्या हेडलाइटची गोष्ट वेगळी, तो चांगलाच असतो.

हॅलोजन परत घातले तेव्हा निळसर काचेचे मुद्दाम टाळले. तो निळा रंग उजेड अडवूनच मिळतो.

जुना सारथी

टॅक्सी चालवतो, बहुतेक रात्रीच. ताई, गाडीत लाइट वर-खाली करायचं चाक आहे ना, ० ते ३ वालं? ते कितीवर आहे बघा. माझ्या गाडीचं कुणीतरी साफसफाई करताना ३ वर नेलेलं, आणि मी चार महिने बल्बला दोष देत होतो. मागे सामान भरलं तर झोत खाली आणायला ते असतं. एच४ मध्ये रिफ्लेक्टर एकच, त्यामुळे डिप्पर खाली गेला की अप्परही रस्त्यातच घुसतो.

फोकस बघायचा तर सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावा. टायरमध्ये हवा बरोबर हवी, ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं हवं. बऱ्याच गाड्यांना डिप्परची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली पडली की जमलं, म्हणजे एक टक्का उतार. नेमका आकडा हेडलाइटवर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो.

आणि वेग. नव्वदला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच २५ मीटर संपतात, कोरड्या रस्त्यावर थांबायला पुढे आणखी पन्नासेक. दिवा तेवढं दाखवत नसेल तर वेग कमी करणं आपल्याच हातात आहे.

पारदर्शक

हेडलाइटची काच पिवळी पडलीय का तेही बघा. खरं तर ती पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक असते, उन्हाने वरचा संरक्षक थर जातो. मी टूथपेस्टने घासून पाहिलं, दोन महिन्यांत जैसे थे. मग नीट केलं. भोवती टेप लावली, पाणी मारत १०००, २०००, ३००० नंबरचा पेपर. सुरुवातीला दुधासारखं पिवळट पाणी ओघळतं, ते पांढरं होईपर्यंत पहिला पेपर सोडायचा नाही. मग पॉलिश आणि शेवटी यूव्ही कोटिंग, म्हणजे उन्हापासून वाचवणारा नवा थर. कोटिंग टाळलं तर सगळी मेहनत वाया.

चष्मेवाली

माझे दिवे अगदी व्यवस्थित होते. कमी दिसत होतं ते मला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. वय पन्नाशीपुढे असेल तर डोळेही तपासा. पुढची काच आतून पुसा, तिथे तेलकट पापुद्रा साचतो आणि समोरून दिवा आला की सगळी काच धुरकट होते.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. चाक २ वर होतं, ० वर आणलं. काच घासून कोटिंग केलं. रविवारी भाऊ मीटर घेऊन आला. इंजिन चालू असताना उजव्या बल्बवर १२.४ आणि डाव्यावर ११.६. काल रात्री त्याच रस्त्याने पुन्हा गेले. ट्रक उभा होता तिथल्या वळणावरचा पांढरा दगड या वेळी बराच आधी दिसला. डावीकडची बाजू अजून अंधारीच आहे. वायरगुंता, रिले घालण्याआधी डाव्या बाजूला काय बघू?

वायरगुंता

दोन्ही बाजूंचे अर्थ बहुतेक वेगळे असतात. डावीकडचा बोल्ट खोला, पत्रा घासा आणि पुन्हा मोजा. आकडा इथे टाका, मग रिलेचं बघू.